उपवास सुटत नाही तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका मामींकडे त्यांची १७ वर्षांची भाची बारावी आणि नीटच्या तयारीसाठी गेल्या वर्षापासून राहते आहे. मुलगी हुशार, कामसू, कुणाला उलटून न बोलणारी. श्रावणात तिने सोमवार धरले, मग गुरुवार, मग चतुर्थी आणि पुढे नवरात्राचे नऊ दिवस. दसऱ्याला घरातल्या सगळ्यांचे उपवास सुटले. तिने मात्र ताटातली पुरणपोळी बोटांनी कुस्करून बाजूला सारली आणि संध्याकाळी मामीच्या हातावर सोने ठेवायला आली तेव्हा तिची बोटे बर्फासारखी गार लागली. ऑक्टोबरच्या उन्हातही ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. मामी विचारतात की हा अभ्यासाचा ताण आहे, वयातले खूळ आहे की आजार आहे. आणि आजार असेल तर तो ओळखायचा कशावरून, कारण नणंदेला सांगायचे तर काहीतरी ठोस सांगता आले पाहिजे.

मामी, मी नागपुरात गेली २२ वर्षे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. मुलीला न पाहता निदान करणे योग्य नाही आणि ते मी करणारही नाही. मात्र तुम्ही जे लिहिले आहे, तेवढ्यावरून तिला येत्या आठवड्याभरात डॉक्टरांना दाखवावे, एवढे मी निश्चित सांगते. आहारविकारांत कुटुंबाचा सर्वाधिक वेळ ‘खात्री करून घेण्यात’ जातो. खात्री करणे हे डॉक्टरांचे काम आहे. घरच्यांनी शंका आली की उठायचे असते.

तुम्ही उपवासाचा उल्लेख केला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. आपल्या घरांतला उपवास कसा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाण्याची उसळ, भगर, दाण्याची आमटी, शिंगाड्याचा शिरा, रताळ्याचा कीस आणि दुसऱ्या दिवशी पारण्याला गोडधोड. उपवासाला आरंभ असतो तसा शेवटही असतो आणि त्या शेवटाची घरातला प्रत्येकजण वाट पाहत असतो. आजाराने धरलेला उपवास या दोन्ही गोष्टींत वेगळा पडतो. त्यात उसळ नसते, भगर नसते. लिंबूपाणी, काकडी, फार तर अर्धे केळे असते. आणि पारण्याचा दिवस आला की त्या मुलीच्या चेहऱ्यावर सुटकेऐवजी धास्ती दिसते, पोट दुखू लागते, मैत्रिणीकडे जायचे निघते किंवा आणखी एक वार सापडतो. म्हणून ‘उपवास करते का?’ हा प्रश्न आपल्याकडे फारसा उपयोगाचा नाही. ‘उपवास सुटतो का आणि सुटताना तिला कसे वाटते?’ हे पाहावे. धार्मिक श्रद्धेला मी येथे नावे ठेवत नाही. श्रद्धेने उपवास करणाऱ्या मुलीला आजारपणात आजीने ‘या वेळी नको करू’ म्हटले तर ती ऐकते. आजारी मुलीला ते ऐकता येत नाही.

हाच नियम इतर चांगल्या सवयींनाही लागू पडतो, आणि या आजाराची खरी अडचण हीच आहे की आपण ज्या गोष्टींचे कौतुक करतो त्यांच्या आड तो वाढतो. पहाटे अंबाझरीला फिरायला जाणे उत्तम. पण ताप असताना, पाऊस कोसळत असताना, पाय मुरगळलेला असतानाही जावेच लागते आणि न गेल्यास दिवसभर चिडचिड होते, तेव्हा तो व्यायाम राहिलेला नसतो. तेलकट टाळणे ठीक. पण पोह्यांवर तर्री नको इथून सुरुवात होऊन मग पोहेच नकोत, मग भात नको, मग पोळीला तूप नको, मग पोळीही नको, अशी यादी केवळ लांबतच जाते आणि वगळलेला एकही पदार्थ ताटात परत येत नाही, तेव्हा सावध व्हावे.

घरच्यांना सर्वांत जास्त बुचकळ्यात पाडणारे एक लक्षण आहे. मुलगी स्वतः खात नाही, पण स्वयंपाकघर सोडत नाही. भावंडांना संत्रा बर्फी करून घालते, मामाला सावजी रस्सा वाढून शेजारी बसते, रात्री मोबाइलवर तासन्‌तास पाककृती पाहते, आणि ‘हिला खाण्यात एवढा रस आहे म्हणजे आजार कसला?’ असे सगळ्यांना वाटते. याचे उत्तर १९४४ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात सुरू झालेल्या एका प्रयोगात मिळते. अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन साधारण चतुर्थांशाने घटले. यांपैकी कुणालाही बारीक व्हायचे नव्हते. तरीही ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, एकेक घास लांबवू लागले, ताटल्या चाटू लागले, चहा-कॉफी वाजवीपेक्षा जास्त पिऊ लागले, चिडके आणि एकलकोंडे झाले. म्हणजे अन्नाचा ध्यास, हट्टीपणा आणि माणसे टाळणे यांतले बरेचसे उपासमारीनेच निर्माण होते. हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते, कारण त्यामुळे ‘पोरगी बदलली, आखडू झाली’ हा राग थोडा निवळतो.

यानंतर येते लपवणे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाची हकीकत ओळख पुसून सांगते. मार्च संपता संपता त्यांनी कूलर बाहेर काढला आणि खसच्या ताट्या बदलायला घेतल्या, तेव्हा आतल्या कोरड्या टाकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पोळ्या निघाल्या. एक-दोन नव्हे, हिवाळाभराच्या, वाळून कडकडीत झालेल्या. आई त्या पोळ्या एका पिशवीत भरून माझ्या टेबलावर ठेवून रडत होती आणि मुलगी खाली मान घालून एकच वाक्य म्हणत होती, ‘मला फेकवत नव्हत्या.’ त्या वाक्यात लबाडी नव्हती. अन्न टाकणे पाप आहे, असे मानणारीच ती मुलगी होती. तिला खाववतही नव्हते आणि फेकवतही नव्हते. म्हणून डबा रिकामा परत येतो एवढ्यावर निश्चिंत राहू नका. पण दप्तर आणि कपाट उलथेपालथेही करू नका. आठ दिवस घरच्यांनी एकत्र बसून जेवायचे ठरवा आणि ताटावर काय होते ते शांतपणे पाहा. पोळीचे बारीक बारीक तुकडे करून ते भाजीखाली सरकवणे, रश्श्यावरचा तवंग चमच्याने काढत बसणे, ‘क्लासमध्ये खाल्ले’ हे नेहमीचे उत्तर, जेवणाच्या वेळेलाच नेमके आंघोळीला जाणे, या गोष्टी एकेकट्या किरकोळ आहेत. एकत्र आल्या तर नाहीत.

शरीरावरच्या खुणांबद्दल तुम्ही स्वतःच दोन महत्त्वाच्या गोष्टी टिपल्या आहेत. गार, कधी निळसर पडणारी बोटे आणि उकाड्यात अंगभर कपडे. शरीराला पुरेसे इंधन मिळाले नाही की ते उष्णता वाचवू लागते. हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो, हातापायांकडचा रक्तपुरवठा कमी होतो. कपडे थंडी वाजते म्हणूनही असतात आणि हाडे दिसू नयेत म्हणूनही. याखेरीज केस गळणे, पाठीवर आणि हातांवर बारीक मऊ लव येणे, उभे राहताना चक्कर, बद्धकोष्ठता आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाळी लांबणे किंवा बंद होणे. पाळीचे तिला एकांतात विचारा. पाळी चुकणे ही स्वतःला उपाशी ठेवण्याच्या या आजाराच्या, म्हणजे अॅनोरेक्सियाच्या निदानासाठी पूर्वी अट होती. २०१३ साली अमेरिकन निकषांतून ती काढली गेली, म्हणून पाळी नियमित आहे यावरून आजार नाही असे ठरत नाही. मात्र ती बंद असेल तर हाडांची झीज सुरू झालेली असू शकते, आणि १७ हे तर हाडे भरायचे वय.

आतापर्यंत मी कमी खाण्याबद्दलच बोलले. दुसरा आजार, बुलिमिया, याहून अधिक लपून राहतो, कारण त्यात वजन बहुधा नेहमीसारखेच असते. थोड्या वेळात आवरता न येण्याइतके खाणे आणि मग ते ‘फेडण्यासाठी’ उलटी करणे, जुलाबाच्या गोळ्या घेणे, उपाशी राहणे किंवा अतोनात व्यायाम करणे, असे हे चक्र असते. निदानाच्या निकषांनुसार ते तीन महिने, आठवड्यातून किमान एकदा घडत असले पाहिजे. जेवण झाल्याबरोबर बाथरूम आणि नळ पूर्ण सोडलेला, गालफुगी झाल्यासारखे दोन्ही बाजूंनी सुजलेले गाल, वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली, वारंवार घसा बसणे, आणि उजव्या हाताच्या बोटांच्या मागच्या सांध्यांवर दात लागून पडलेले घट्टे. १९७९ मध्ये बुलिमियाचे पहिले सविस्तर वर्णन करणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जेरल्ड रसेल यांनीच ही हातावरची खूण नोंदवली. दातांवरून हा आजार कित्येकदा दंतवैद्यांच्या लक्षात आधी येतो.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक कॉलेजकन्या झोप न येण्याच्या तक्रारीसाठी माझ्याकडे येत असे. अंगाने भरलेली होती. चार महिन्यांत तिने बरेच वजन उतरवले आणि मी तिला ‘छान केलेस’ म्हणाले. ती हसली आणि पुढच्या भेटीला आली नाही. वर्षभराने ती आली तेव्हा रोज दोन-तीनदा उलटी करत होती आणि रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरले होते. आजार फक्त हाडकुळ्यांना होतो, हा समज माझ्याही डोक्यात होता. भरलेल्या अंगाची व्यक्ती झपाट्याने बारीक होत असेल तर तिचे हृदयही तितक्याच धोक्यात येऊ शकते, मग काट्यावरचा आकडा ‘नॉर्मल’ का असेना.

तुमची भाची ‘मी जाड आहे’ असे कधी म्हणाली नाही, असेही तुम्ही लिहिले आहे, आणि त्यामुळे तुमच्या मनात शंका आहे. हाँगकाँगमधील डॉक्टरांनी १९९० च्या दशकात असे अनेक रुग्ण नोंदवले आणि भारतातही ते दिसतात: जाडीची भीती बोलून दाखवत नाहीत, ‘पोट जड होते’, ‘भूकच नाही’, ‘गॅस धरतो’ एवढेच सांगतात. घरचे मग महिनोन्‌महिने ॲसिडिटीची औषधे देत राहतात. अर्थात खरोखरच दुसरा आजार असू शकतो. क्षयरोग, थायरॉइड, टाइप १ मधुमेह, आतड्यांचे विकार, नैराश्य यांतही वजन उतरते, म्हणून तपासणी टाळू नये. एवढेच लक्षात ठेवा की क्षयाच्या रुग्णाला वजन वाढले तर आनंद होतो. मुलग्यांच्या बाबतीत तर शंकाच घेतली जात नाही, कारण जिम, प्रोटीन पावडर आणि उकडलेली अंडी यांना आपण पुरुषार्थ समजतो. आणि इन्सुलिन घेणारी किशोरवयीन मुलगी वजनासाठी डोस चुकवत असेल, तर तो प्रकार सर्वांत जिवावरचा.

आता हे पुढचे आठवड्याभराचेही नाही, त्याच दिवशीचे. ती चक्कर येऊन पडली, छातीत धडधडते म्हणाली, उलटीत रक्त दिसले, पाण्यालाही नको म्हणू लागली, किंवा जगण्याला कंटाळल्याचे बोलली, तर थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. तिला पाच मिनिटे शांत बसवून मनगटावरची नाडी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा. दिवसा जागेपणी ती ५० च्या खाली असेल तरीही हेच करा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा उलट्या आणि जुलाबाच्या गोळ्यांनी क्षार गमावलेल्या मुली विशेष लवकर कोसळतात. आणि उलट बाजूने एक इशारा: कित्येक दिवस जवळजवळ काही न खाल्लेल्या व्यक्तीला घाबरून एकदम पोटभर जेवू घालू नका. उपाशी शरीरात अन्न अचानक आले की रक्तातले फॉस्फेट आणि इतर क्षार झपाट्याने घसरतात आणि हृदय बंद पडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांत हे दिसून आले होते. सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी.

तिच्याशी बोलायचे कसे, हे तुम्ही विचारले नाही, पण तेच सर्वांत अवघड आहे. ताटावर बोलू नका. जेवताना तिच्या मनात आधीच युद्ध चाललेले असते. समोरासमोर बसवण्यापेक्षा शेजारी शेजारी असताना बोलावे, फिरताना किंवा भाजी निवडताना. दिसण्याबद्दल एक शब्द नको. ‘हाडे दिसायला लागली बघ’ हे आपल्याला काळजीचे वाटते, तिच्या कानाला ते प्रशस्तीपत्र वाटू शकते. ‘माझी शपथ आहे, एवढा घास खा’ हेही नको. तुम्ही जे पाहिले तेवढेच सांगा: ‘दसऱ्याला तुझी बोटे किती गार होती गं. तू आमच्यासोबत जेवत नाहीस, परवा जिन्यात थांबलीस. मला काळजी वाटते. आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी येते सोबत.’ ती नाही म्हणेल, चिडेल किंवा गोड हसून ‘काही नाही हो मामी’ म्हणेल. त्याने विषय संपवू नका. दोन दिवसांनी त्याच स्वरात पुन्हा काढा. ‘आईला सांगू नका’ असे वचन मागितले तर ते देऊ नका, पण तिच्या पाठीमागेही सांगू नका. ‘मी आईशी बोलणार आहे, काय बोलणार ते तुला आधी सांगते’ असे म्हणा.

ब्रिटनमध्ये १९९९ साली तयार झालेले पाच साधे प्रश्न डॉक्टर पहिल्या भेटीत वापरतात: पोट फार भरल्यासारखे वाटले म्हणून तू मुद्दाम उलटी करतेस का, किती खातो यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का, तीन महिन्यांत सहा किलोंहून अधिक वजन उतरले का, इतर बारीक म्हणत असताना तुला तू जाड वाटतेस का, आणि अन्नाने तुझ्या आयुष्याचा ताबा घेतला आहे, असे म्हणता येईल का. दोन होकार आले तर सखोल तपासणी करतात. तुम्ही हे प्रश्न तिच्यापुढे कागदासारखे वाचू नका. डॉक्टर काय विचारतील, एवढे तुम्हाला ठाऊक असावे म्हणून दिले.

नणंदेचा मुद्दा मला पूर्ण समजतो. ‘आमची पोर धडधाकट पाठवली होती, तुमच्याकडे येऊन अशी झाली’ हे वाक्य ऐकायची भीती तुमच्या प्रश्नाच्या ओळीओळीत आहे. फोन तिच्या भावाने करावा, तुम्ही शेजारी बसावे. निष्कर्ष सांगू नका, तारखा सांगा. कोणत्या दिवसापासून सोबत जेवत नाही, कोणता पदार्थ केव्हा सुटला, कपडे कधीपासून सैल झाले. आणि हेही सांगा, कारण ते खरे आहे, की हा आजार कुणाच्या वाढण्या-न-वाढण्याने होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो, परिपूर्णतेचा ध्यास घेणारा स्वभाव असतो, आणि बहुधा साध्या डाएटने ठिणगी पडते. दोष कुणाचा यावर दोन घरांत वाद झाला, तर आजाराला हवा असलेला वेळ त्याला आयता मिळतो.

उपचारांबद्दल थोडक्यात. अॅनोरेक्सिया पूर्ण बरा करणारी गोळी नाही. बुलिमियात फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचा उपयोग होतो आणि त्याहून अधिक विशिष्ट मानसोपचाराचा. किशोरवयीनांसाठी सर्वांत चांगला पुरावा असलेली पद्धत लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झाली. तिच्यात सुरुवातीला जेवणाची सूत्रे पालकांच्या हाती दिली जातात आणि मुलगी सावरली की ती हळूहळू तिच्याकडे परत सोपवली जातात. यासाठी आईला काही महिने नागपुरात यावे लागेल किंवा मुलीला घरी न्यावे लागेल. परीक्षेचे वर्ष पुढे ढकलावे लागले तर तेही चालेल. नागपुरातल्या मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, आणि शारीरिक तपासणीही तिथेच होते हा त्यांचा मोठा फायदा. आधी कुणाशी नुसते बोलायचे असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते.

पहिल्या भेटीला येताना पाळीच्या तारखा, जुनी वजने कुठे नोंदलेली असतील तर ती, आणि दोन वर्षांपूर्वीचा एखादा फोटो आणा. रक्ताची साधी तपासणी, क्षार, थायरॉइड आणि ईसीजी सांगितला जाईल. पहिले अहवाल सगळे व्यवस्थित आले म्हणून परत फिरू नका, शरीर फार काळ सांभाळून घेते. ती बहुधा निघताना म्हणेल की रक्त द्यायचे आहे म्हणून काही खात नाही. या तपासण्यांना उपाशीपोटी यावे लागत नाही. नाश्ता करूनच निघा, आणि तिच्यासोबत तुम्हीही करा.